सुईने लिहिलेली अक्षरे

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल आहे. लग्नात दहा घरची पातेली एकत्र येतात. नाव असले म्हणजे ज्याचे त्याला मिळते. इंग्लंडातील लोक पूर्वी अशीच खूण घरच्या कापडांवर करीत. चादरी, सदरे यांवर दोऱ्याने नावाची अक्षरे व आकडे भरीत. हे काम मुलीबाळींचे. म्हणून त्यांना सुई आणि अक्षरे बरोबरच शिकवीत.

शिकण्यासाठी लिननचा तुकडा घेत. लिनन म्हणजे जवसाच्या ताटातील धाग्याचे कापड. आपण जवसाची चटणी करतो, तेच जवस बरे का! त्यावर मुळाक्षरे, आकडे, वेल, फुले भरायची आणि पुष्कळदा खाली आपले नाव व साल घालायचे. अशा कापडाला सँपलर म्हणतात, म्हणजे नमुन्याचे कापड. साल घातलेले सर्वांत जुने इंग्रजी सँपलर १५९८ सालचे आहे. ते जेन बोस्टॉक हिने भरले. १५९६ साली जन्मलेल्या ॲलिस ली या मुलीचा जन्मदिवस तिने त्यावर टाक्यांनी नोंदला आहे. जन्माचे टिपणच म्हणा ना!

पण आम्हांला सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका कापडाविषयी. त्यावर वेल नाही, फूल नाही. नुसती लाल अक्षरे, फुलीच्या टाक्यांची, ओळीखाली ओळ. ते भरले एलिझाबेथ पार्कर हिने, सुमारे १८३० साली. ती १८१३ साली ॲशबर्नम गावी मजुराच्या घरी जन्मली. लहान वयातच ती परक्या घरी कामाला राहिली. तेथे मालकाने तिचे फार हाल केले. जीव द्यावा, असे तिच्या मनात येई. हे सांगायचे कोणाला?

आपल्याला लिहिता येत नाही, म्हणून समोरच्याशी बोलावे तसे साधेपणाने मांडते, अशी तिने सुरुवात केली आहे. एकेका अक्षराला किती टाके पडले असतील, ते शिवणकाम करणाऱ्या बायांनीच सांगावे. शेवटी, आपल्या आत्म्याचे काय होईल, असे ती विचारते आणि वाक्य तसेच अर्धे सुटते. खालचे कापड कोरेच आहे.

पुढे तिने काही भरले नाही, पण जीवही दिला नाही. ती गावच्या शाळेत शिक्षिका झाली आणि ७६ वर्षे जगली. हे कापड आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.