मुदत संपलेला व्यवहार

धनादेशावर तारीख असते, आणि त्या तारखेपासून ठरावीक काळातच तो बँकेत सादर करावा लागतो. भारतात ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती. १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आणली गेली. ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेली एक सामाईक खातेवही. २०२० साली सुरू झालेल्या सोलाना या ब्लॉकचेनवरील व्यवहारांनाही अशीच मुदत असते. मात्र ती साधारणतः एक ते दीड मिनिटाची असते.

ही मुदत घड्याळावर मोजली जात नाही. या खातेवहीची पाने, म्हणजे ब्लॉक, सेकंदाच्याही अंशात एकामागून एक तयार होत असतात, आणि प्रत्येक ब्लॉकची हॅश नावाची एक स्वतंत्र खूण असते. व्यवहारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी नुकत्याच झालेल्या एखाद्या ब्लॉकची हॅश त्यात घालावी लागते. त्यानंतर १५० ब्लॉक झाले, की तो व्यवहार कोणीही स्वीकारीत नाही. एखाद्या संगणकाची पाळी चुकून ब्लॉकच तयार झाला नाही, तर मुदत तेवढी लांबते.

इतकी आखूड मुदत कशासाठी? एकच व्यवहार दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून झालेले व्यवहार पडताळणी करणाऱ्या संगणकांना ध्यानात ठेवावे लागतात. मुदत नसती, तर प्रत्येक नव्या व्यवहारासाठी आरंभापासूनची सारी खातेवही धुंडाळावी लागली असती. इथेरियमने दुसरा मार्ग पत्करला. तेथे प्रत्येक खात्याच्या व्यवहारांना अनुक्रमांक असतात. व्यवहार आपोआप बाद होत नाही, परंतु एक अडकला की त्यामागचे सारे खोळंबतात.

सोलानावरील आज्ञावली रचणाऱ्याची खरी कसोटी लागते ती उत्तर न आल्यावर. समजा, एका कामगाराची मजुरी पाठविली आणि अर्धा मिनिट झाला तरी पोच आली नाही. व्यवहार गहाळ झाला असे मानून आज्ञावलीने नवी हॅश घेतली, नवी स्वाक्षरी केली आणि मजुरी पुन्हा पाठविली. पहिला व्यवहार त्या वेळी वाटेत असेल, तर दोन्ही नोंदले जातील आणि मजुरी दोनदा दिली जाईल. स्वाक्षऱ्या भिन्न असल्याने खातेवहीच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र व्यवहार होत. उलट, पहिलाच स्वाक्षरित व्यवहार जसाच्या तसा पुन्हा पुन्हा धाडण्यात कोणताही धोका नाही. तो नोंदला गेला तर एकदाच जाईल. म्हणून मुदत असेतोवर तोच धाडीत राहावे, हे उत्तम.

नवी स्वाक्षरी करावयाची ती जुना व्यवहार निश्चितपणे मेल्यावरच. हॅश मागताना ती कोणत्या ब्लॉकपर्यंत ग्राह्य आहे तो आकडाही मिळतो. तो जपून ठेवावा. खातेवहीचा अंतिमतः पक्का झालेला भाग त्या आकड्यापलीकडे गेला आहे काय, हे आधी पाहावे आणि मगच जुन्या स्वाक्षरीची नोंद शोधावी. हा क्रम उलटा केला, तर दोन प्रश्नांच्या मधल्या क्षणी व्यवहार नोंदला जाण्याचा संभव उरतो. दोन्ही प्रश्न एकाच संगणकाला विचारावेत हेही महत्त्वाचे, कारण मागे पडलेला संगणक झालेल्या व्यवहाराविषयीही ‘नाही’ असेच सांगेल.

काही कामांना दीड मिनिट पुरतच नाही. तीन विश्वस्तांच्या स्वाक्षऱ्या तीन गावांतून यावयाच्या असतील, तर हॅशऐवजी एका विशेष खात्यात साठविलेली खूण वापरता येते. व्यवहार होताच ती खूण बदलते, त्यामुळे तोच व्यवहार पुन्हा चालत नाही. मात्र असा व्यवहार कालांतराने आपोआप बाद होत नाही. विश्वस्तांनी बेत रद्द केला, तर त्यांना ती खूण स्वतः बदलावी लागते. तोवर तो स्वाक्षरित व्यवहार ज्याच्या हाती असेल, त्याला तो केव्हाही वटविता येतो.