धुळीचा कण आणि डोळ्याचा फोटो

डोळ्याच्या आत डोकावण्याचं यंत्र हेल्महोल्ट्झने १८५१ साली जगापुढे मांडलं, एवढंच मला माहीत होतं. मागच्या सुट्टीत इमेज प्रोसेसिंगच्या प्रोजेक्टसाठी मी डोळ्यांच्या एका संशोधन क्लिनिकमध्ये महिनाभर जात होते. तिथे फोटो काढणाऱ्या चौघांवर एक मॅडम देखरेख करायच्या. त्यांच्याकडून शिकलेलं इथे लिहिते. (शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नका!)

आधी एक प्रश्न. फोटोग्राफरवर देखरेख कशाला? कारण संशोधनात फोटो म्हणजे आठवण नव्हे, ते मोजमाप असतं. अमेरिकेतल्या 'अर्ली ट्रीटमेंट डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडी'चं उदाहरण घ्या. १९८० ते १९८५ या काळात २२ केंद्रांवर मिळून ३७११ मधुमेही त्यात घेतले गेले. रेटिनाचे ७ ठरलेले भाग, प्रत्येक ३० अंशांचा. पहिला ऑप्टिक नर्व्हवर, दुसरा मॅक्युलावर, तिसरा त्याच्या कानाकडच्या बाजूला, बाकीचे चार वर-खाली. खोली कळावी म्हणून प्रत्येक भागाचे दोन फोटो, कॅमेरा जरासा बाजूला सरकवून. म्हणजे एका डोळ्याचे १४! हे फोटो एकाच ठिकाणी तपासले जायचे. आता २२ जागी २२ तऱ्हेने फोटो काढले असते, तर फरक रोगातला की हातातला, हे कसं कळणार?

म्हणून मॅडमची कामं अशी:

१) फोटोग्राफरने आधी नमुन्याचे फोटो पाठवून मान्यता मिळवायची. ती नसेल तर अभ्यासातल्या पेशंटला हात लावायचा नाही.

२) रोज सकाळी कॅमेऱ्याची लेन्स तपासायची.

३) फोटोवर नाव नाही, फक्त नंबर. डावा की उजवा, हे दोनदा बघायचं.

४) फ्लुरोसीन हा रंग शिरेतून देताना डॉक्टर आणि इमर्जन्सीची औषधं जवळ हवीत. काहींना मळमळतं, क्वचित जोराची ॲलर्जी येते.

५) पेशंट घरी जायच्या आत सगळे फोटो बघायचे.

हा पाचवा मुद्दा मला महागात पडला. माझा प्रोग्रॅम रेटिनावरचे बारीक ठिपके मोजायचा. एका दुपारी सलग तीन पेशंटमध्ये त्याला एकाच जागी ठिपका सापडला. मी खूश! मॅडमनी तिन्ही फोटो शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "डोळा बदलला, पेशंट बदलला, ठिपका मात्र जागचा हलत नाही. मग तो कुणाचा?" लेन्सवर धूळ होती.

तिसऱ्या पेशंटचा मॅक्युलाचा फोटो तर धूसरही होता. ते आजोबा एसटीने आले होते, आणि एव्हाना गेटपर्यंत पोचले होते. मी म्हटलं, "मॅडम, राहू द्या. ठिपका पुसून शार्प करते, कळणारही नाही."

त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कळणार नाही, हेच वाईट. डोळ्यात नाही ते फोटोत आणू नकोस, आणि आहे ते पुसू नकोस."

मग लेन्स साफ झाली आणि मी धावत जाऊन आजोबांना परत आणलं. थेंबांमुळे त्यांना एसटीची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. "अगं पोरी, पुन्हा तो फ्लॅश?" ते कुरकुरले, पण बसले. नव्या फोटोत तो ठिपका नव्हता, पण मॅक्युलाजवळ दुसरा, खरा ठिपका स्पष्ट दिसला. माझ्या 'शार्प' केलेल्या फोटोत तो आला असता का? नाही सांगता येत. गाडी चुकू नये म्हणून नंतर त्यांना स्टँडवर मीच सोडलं.

आपण लॅबमध्ये रीडिंग 'जुळवतो', व्हायव्हा निभावतो. मीही जुळवली आहेत. पण त्या दिवसापासून जर्नल लिहिताना एसटीची पाटी शोधणारे आजोबा आठवतात, आणि हात थांबतो. तुमचाही थांबावा, म्हणून हा लेखनप्रपंच.