घाटेअळी: विषाणू फवारा, पण अळी लहान असताना

हरभरा फुलोऱ्यात आला की कोवळ्या शेंड्यांवर घाटेअळीची खसखशीएवढी अंडी सुटी सुटी दिसू लागतात. नुकती निघालेली अळी आधी पानांचा हिरवा भाग खरवडून खाते. एचएएनपीव्ही हा विषाणू फवारायची वेळ हीच. मोठी अळी डोके घाट्यात खुपसून बसली की फवारणीचा खर्च वाया जातो.

हा विषाणू अंगावर पडून मारत नाही, तो अळीच्या पोटात जावा लागतो. आतड्यातील अल्कधर्मी रसात त्याचे प्रथिनांचे कवच विरघळते आणि मोकळे झालेले विषाणूकण आतड्याच्या पेशींत शिरतात. तिथे अळीचे नेहमीचे जिवाणूही असतात. स्पोडोप्टेरा एक्झिग्वा या अळीवरील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की विषाणूची लागण झाल्यावर अळीची प्रतिकारशक्ती दबते, आतड्यातले जिवाणू वाढतात आणि विषाणू अधिक मारक ठरतो. हा प्रयोग प्रयोगशाळेतला आणि वेगळ्या अळीवरचा आहे. त्याच्या नावाखाली कुणी ‘जिवाणू वाढवणारे’ औषध विकू लागले, तर त्यात पैसे घालू नका.

फवारणी करताना

- हेक्टरी ५०० एल.ई., म्हणजे एकरी २०० एल.ई. एक एल.ई. म्हणजे एका रोगग्रस्त, पूर्ण वाढलेल्या अळीतून मिळणारा विषाणू. बाटलीवरील ताकद व मुदत पाहूनच मात्रा काढा.
- उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. म्हणून फवारणी सायंकाळीच करा आणि द्रावणात नीळ व थोडा गूळ मिसळा.
- बोर्डो मिश्रणासारखी अल्कधर्मी द्रावणे त्याच पंपात नकोत; विषाणूचे कवच पंपातच विरघळते. प्रतिजैविकेही मिसळू नका.

फवारणीनंतर अळी लगेच मरत नाही. साधारण पाच ते सात दिवस लागतात. रोगट अळी सुस्त होते, झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते. कातडी फुटून गळणारा द्रव पानांवर पडतो आणि ती पाने खाणाऱ्या अळ्यांनाही लागण होते. तिसऱ्याच दिवशी धीर सोडून रासायनिक फवारणी केली, तर ही साखळी तुटते.

आठवड्याने शेतात पाच-सहा ठिकाणी एकेक मीटर ओळीतल्या जिवंत अळ्या मोजा. मीटरला एक-दोन लहान अळ्या असतील तर विषाणूचीच दुसरी फवारणी घ्या. मोठ्या अळ्याच जास्त असतील, तर कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतील कीटकनाशक वापरा.