दोरी ठेव, दांडा घे

पोरा, चार फुटांच्या गोल टेबलाला खिळा ठोकून दोरी बांधायला निघालास, म्हणून थांबवलं. दोरी ओढली की लांबते, हात सैल पडला की आखडते. दोन फुटांची त्रिज्या एका अंगाला दोन सूत जास्त भरते आणि नंतर कानस मारत बसावं लागतं. शाळेतला कंपास एवढा उघडत नाही. मोठ्या वर्तुळाला दांड्याचा कंपास लागतो. बाजारात लोखंडी मिळतो, चांगलाही असतो, पण तुकड्यांच्या ढिगातून होणारी वस्तू विकत कशाला आणायची?

दांडा सागाचा घे, वाळलेला, सरळ रेषांचा. तीन फूट लांब, इंचभर रुंद, अर्धा इंच जाड. वापरताना तो कडेवर उभा राहील, म्हणजे मध्ये झोल पडत नाही. रंधा मारून झाला की एक डोळा मिटून कडेने बघ. बाक दिसला तर चुलीत घाल.

आता दोन ठोकळे, शिसवी किंवा बाभळीचे. प्रत्येकात दांडा जाईल असं आरपार भोक पाड. सगळी कसोटी या भोकाची. दांडा हाताने सरकला पाहिजे, पण डावी-उजवीकडे तसूभरही हलता कामा नये. बाजूने हलला की रेषा जिथून निघाली तिथे परत येत नाही. उंचीला मात्र भोक थोडं जास्त ठेव, तिथे वरून पाचर बसते. पाचरीचा उतार अगदी कमी हवा, आठ इंचाला एक इंच पुरे, आणि भोकाची वरची बाजू त्याच उताराला पटाशीने तिरकी कर. उभट पाचर काम चालू असतानाच निसटते.

एका ठोकळ्याला खालून खिळ्याचं टोक. डोकं छाटून, कानशीने धार काढून बसव आणि गुण्या लावून उभं आहे का बघ. दुसऱ्यात पेन्सिलीचं भोक, त्याला करवतीने चीर आणि आडवा स्क्रू. पिळला की पेन्सिल घट्ट. शिसं गोल नको, पटाशीसारखं चपटं घास. बारीक रेघ येते आणि टोक लवकर झिजत नाही.

माप ठोकळ्यापासून नाही, टोकापासून शिशापर्यंत घ्यायचं. तेही पाचर ठोकल्यावर पुन्हा, कारण ठोकताना ठोकळा हमखास सरकतो. नवशिके इथेच फसतात.

वर्तुळ टेबलाच्या खालच्या अंगाला मार. खिळ्याचं भोक दिसत नाही, आणि जिगसॉ वरच्या थराच्या चिपा उडवतो तो खराबाही खालीच राहतो. वरूनच मारणं भाग असेल तर मध्यावर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने प्लायचा तुकडा लाव आणि टोक त्यात रुतव. डाव्या हाताने टोक दाबून धर, उजव्याने पेन्सिल ओढ, ढकलू नकोस.

रेषा झाली की पाचर न हलवता त्याच मापाने परिघावर पावलं टाक. बरोबर सहा पडली पाहिजेत, सहावं पहिल्या खुणेवर. चुकलं तर करवतीला हात लावू नकोस, आधी पाचर बघ.