शाळेच्या अंगणात बॅडमिंटन : साहित्य आणि पहिले धडे

एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी फुलाचा जो खेळ खेळत, तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. त्याचे नियम १८७३ च्या सुमारास तेथे तयार झाले. आजचे नाव मात्र इंग्लंडमधील बॅडमिंटन हाउस या वाड्यावरून पडले. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर हे १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. असे असूनही अनेक ग्रामीण शाळांत या खेळाचे साहित्य कपाटातच पडून राहते. रॅकेटींवर बहुतेक रक्कम खर्च होते, फुले महिनाभरात संपतात आणि खेळ थांबतो.

खरेदीचा विचार म्हणून फुलापासून करावा. स्पर्धेच्या फुलाला बुचात रोवलेली सोळा पिसे असतात. त्याचे वजन जेमतेम पाच ग्रॅम. कोरड्या हवेत ही पिसे ठिसूळ होतात आणि नवशिक्याच्या वेड्यावाकड्या फटक्याने मोडतात. शाळेसाठी नायलॉनची फुलेच योग्य होत. त्यांवरील पट्टीचा रंग गती सांगतो : हिरवी मंद, निळी मध्यम, तांबडी जलद. उष्ण हवा विरळ असल्याने फूल अधिक लांब जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हिरवी पट्टी बरी. वाऱ्यावर मात्र कोणत्याच पट्टीचा इलाज चालत नाही. खेळ सकाळी लवकर किंवा इमारतीच्या आडोशाला ठेवावा.

रॅकेट हलकी असावी. नियमानुसार तिची लांबी ६८ सेंटिमीटरपर्यंत असू शकते. लहान मुलांना आखूड रॅकेट द्यावी. तात फार ताणून बसविली म्हणजे फटका जोरदार बसतो, ही समजूत चुकीची आहे. नवशिक्याला १८ ते २० पौंडांचा ताण पुरतो. तुटलेली तात पुन्हा ओवून देणारा कारागीर तालुक्याच्या गावी आहे काय, याची चौकशी खरेदीपूर्वीच व्हावी. बूट सपाट व न घसरणाऱ्या तळव्याचे असावेत.

दुहेरीचे क्रीडांगण १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद असते. एकेरीची रुंदी ५.१८ मीटर. चुन्याच्या रेघा कोणीही आखतो, दुर्लक्ष होते ते जाळ्याकडे. खांबांशी त्याची उंची १.५५ मीटर आणि मधोमध १.५२४ मीटर असली पाहिजे. लोंबत्या जाळ्यावर शिकलेल्या मुलाचे फूल स्पर्धेत जाळ्यातच अडकते. खूण केलेली एक काठी जवळ ठेवली म्हणजे उंची रोज पडताळता येते.

पहिला धडा मुठीचा. हस्तांदोलन करावे तशी रॅकेट धरावी. तिची कड जमिनीकडे असावी. उलथने धरावे तशी ती धरण्याची मुलांची खोड पहिल्याच आठवड्यात मोडावी, पुढे ती जात नाही. मूठ सैल असावी आणि फटक्याच्या क्षणीच आवळावी. सर्व्हिस करताना संपूर्ण फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावे, असा नियम २०१८ पासून आला.

एका क्रीडांगणावर एका वेळी चौघेच खेळू शकतात. वर्गात चाळीस मुले असली तर लिंबाच्या फांदीला निरनिराळ्या उंचीवर दोऱ्यांनी जुनी फुले टांगावीत. पाळी येईपर्यंत उरलेल्यांनी त्यांवर डोक्यावरच्या फटक्याचा सराव करावा. मोडकी फुले त्यासाठी जपून ठेवावीत.