पेट्रोलची वाफ व गाडीचा बिघाड : घरच्या घरीं परीक्षा

औसा तालुक्यांत आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारांत ट्रॅक्टरबरोबर पेट्रोलची मोटार किंवा मोटारसायकलहि उभी असते. जागेच्या सोयीनें ती बहुधा गोठ्याच्या छपराखालीं अथवा कडब्याच्या गंजीजवळ ठेवितात. ट्रॅक्टरच्या डिझेलची वाफ सहज होत नाहीं, म्हणून या जागेचा धोका पूर्वीं कोणास जाणवला नाहीं. पेट्रोलची गोष्ट निराळी आहे. तें थंडींतहि उडतें. त्याची वाफ हवेहून तीन ते चार पट जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते व दूरच्या चुलीपर्यंत किंवा पेटत्या बिडीपर्यंत जाऊन पोंचते. सबब गाडीजवळ पेट्रोलचा वास येऊं लागल्यास तो कोठून येतो, हें ओळखतां येणें प्रत्येक गाडीमालकास अगत्याचें आहे.

या ज्ञानाचा दुसरा लाभ पैशाचा आहे. प्रस्तुत लेखकाची गाडी एका उन्हाळ्यांत लातूरच्या वाटेवर टांकी भरली कीं लवकर चालू होईना. टांकी अर्धी असतां मात्र कांहींच तक्रार नसे. कारागिरानें प्रथम प्लग बदलले, मग पेट्रोलचा पंप बदलला. सोयाबीनच्या चार पोत्यांचे पैसे गेले, आणि दोष होता तसाच राहिला. अखेरीस तो मुठींत मावेल एवढ्या एका झडपेंत सांपडला. ‘टांकी भरल्यावरच’ ही खूण वेळीं ओळखली असती, तर तो खर्च वांचला असता.

वाफेची वाट

दिवसा टांकींतील पेट्रोल तापतें व त्याची वाफ होते. ती बाहेर जाऊं नये म्हणून टांकीपासून एक नळी सक्रिय कोळशानें भरलेल्या डब्यापर्यंत नेलेली असते. या डब्यास कारागीर कॅनिस्टर म्हणतात. भेगाळलेली काळी जमीन मृगाचें पहिलें पाणी जशी शोषून घेते, तसा हा कोळसा वाफ शोषून घेतो. डब्यास बाहेरची हवा येण्यासाठीं एक श्वासमार्ग ठेवलेला असतो. इंजिन तापलें म्हणजे विजेवर चालणारी एक लहान झडप उघडते. तिला पर्ज व्हॉल्व्ह असें नांव आहे. मग इंजिनाच्या ओढीनें श्वासमार्गांतून हवा आंत येते, कोळशांतील वाफ बरोबर घेऊन इंजिनांत जाते व तेथें जळते. टांकीचें झाकण, नळ्या, डब्याचा श्वासमार्ग आणि ही झडप, या चार ठिकाणीं लक्ष दिलें असतां बहुतेक दोष सांपडतात.

परीक्षेपूर्वीं

गाडी उघड्या जागेंत, कडब्यापासून दूर आणावी व इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. जवळपास विस्तव, बिडी, उदबत्ती किंवा वेल्डिंगचें काम नसावें. नळी तोंडानें ओढूं नये. टांकींत पंपानें अथवा टायर भरण्याच्या कॉम्प्रेसरनें हवा कदापि भरूं नये. थेंब थेंब पेट्रोल गळत असल्यास तो वाफेचा दोष नव्हे. इंजिन चालू न करितां कारागिरास बोलवावें.

चार परीक्षा

१. झाकण. वास टांकीच्या तोंडाशींच येत असल्यास झाकणाचें रबरी कडें पाहावें. त्यास चीर गेली असेल, तें कडक झालें असेल, किंवा त्यावर धूळ बसली असेल, तर वाफ तेथूनच निघते. कडें व तोंड कोरड्या फडक्यानें पुसून झाकण टक्‌ टक्‌ आवाज येईपर्यंत फिरवावें. नवें घेणें झाल्यास त्याच गाडीचें घ्यावें.

२. नळ्या. वास गाडीखालून येत असल्यास नळ्यांचे सांधे व वांक पाहावे. सुगीनंतर घरांत आलेले उंदीर रबर कुरतडतात. शिवाय, पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण २०२५ सालीं देशांत २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. हें इथेनॉल आपल्याच उंसापासूनहि होतें. परंतु जुन्या गाडींतील जें रबर त्यासाठीं बनविलेलें नाहीं, तें त्यानें लवकर खराब होऊं शकतें. संशयित वाफेची नळी काढून एक तोंड बंद करावें, बादलींतील पाण्यांत बुडवावी व दुसऱ्या तोंडानें सायकलच्या पंपानें हळू हवा द्यावी. ट्यूबचें पंक्चर दिसतें तसे बुडबुडे दिसतील.

३. श्वासमार्ग. पेट्रोल भरतांना पंपाची नळी वारंवार आपोआप बंद पडते काय? झाकण उघडतांना मोठा सुसकारा येतो काय? मोटारसायकल कांहीं मैल जाऊन बंद पडते व झाकण उघडून लावल्यावर पुनः चालते काय? असें असल्यास हवेची वाट बुजलेली समजावी. काळ्या रानांतील धूळ व चिखल, किंवा कुंभारमाशीचें मातीचें घर, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. झाकणाचें छिद्र व श्वासमार्गाचें तोंड साफ करावें.

४. झडप. टांकी भरल्यावर गाडी लवकर चालू न होणें आणि उभ्या गाडीचें इंजिन अडखळणें, या झडप उघडी राहिल्याच्या खुणा होत. डब्याकडून झडपेस येणारी नळी सोडवावी, थंड इंजिन चालू करावें व झडपेच्या तोंडावर बोट ठेवावें. फिरत्या पट्ट्यापासून कपडे दूर ठेवावे. थंड इंजिनावर सतत जोराची ओढ लागत असेल, तर झडप अडकली आहे. उलट, इंजिन चांगलें तापून वेग वाढविल्यावरहि ओढ लागत नसेल, तर ती बुजली आहे अथवा तिला वीज मिळत नाहीं. इंजिन बंद करून मल्टिमीटर लावावा. पुष्कळ झडपांचा विरोध २० ते ३० ओहम असतो. मीटर अखंड रेघ दाखवीत नसेल, तर आंतील तार तुटली आहे.

दिव्यावर किती विसंबावें

१ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ नियम लागू झाले. अशा मोटारीच्या चाकाखालच्या खणांत सोळा खुंट्यांचें जोडस्थान असतें. त्यास स्वस्तांतील वाचकयंत्र लावल्यास बिघाडाचा अंक मोबाइलवर दिसतो. पी ०४४३ म्हणजे झडपेच्या विजेचा दोष, पी ०४४१ म्हणजे वाफेचा प्रवाह चुकीचा, पी ०४५५ म्हणजे मोठी गळती व पी ०४४२ म्हणजे लहान गळती. परंतु अमेरिकेंतील मोटारी गळती स्वतः तपासतात, तशा आपल्याकडील पुष्कळ मोटारी तपासत नाहींत; त्या केवळ झडपेची विजेची जोडणी पाहतात. म्हणून दिवा लागला नाहीं एवढ्यावरून गळती नाहीं असें मानूं नये. येथें यंत्रापेक्षां नाक अधिक विश्वासू आहे. दोष काढल्यावर दिवा त्याच क्षणीं विझत नाहीं. कांहीं फेऱ्यांनंतर विझतो. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र तो जळणाचा गंभीर दोष होय, गाडी थांबवावी.

शेवटीं एक संवय सोडण्याजोगी आहे. पंपावरची नळी आपोआप थांबल्यावर आणखी दोन चटके देऊन टांकी गळ्यापर्यंत भरली जाते. त्यामुळें पातळ पेट्रोल कोळशांत शिरतें व डबा निकामी होतो. पहिल्या चटक्यास थांबणें फुकट आहे. डबा फुकट मिळत नाहीं. आणि दोष सांपडो वा न सांपडो, गाडीची रात्रींची जागा कडब्यापासून आजच दूर करावी.