नावे दोन, यंत्र एक

सकाळी द्वारका चौकात ताटकळावे आणि दुपारी कसारा घाट उतरून मुंबई गाठावी, असा ज्या नाशिककराचा दिनक्रम आहे, त्याने नव्या मोटारीसाठी शोरूमचे उंबरठे झिजवण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी, असे मला स्वानुभवावरून आग्रहाने सांगावेसे वाटते. मारुती सुझुकीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या २०२२ साली बाजारात आलेल्या गाड्या कर्नाटकातील बिडदीच्या एकाच कारखान्यात घडू लागल्या, आणि दोहोंच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात दीड लिटरचे, तीन सिलिंडरांचे तेच इंजिन आहे. सबब तुलना करावयाची ती आधी माइल्ड आणि स्ट्राँग या प्रकारांची, नावांची मागाहून.

मी स्ट्राँग हायब्रिड मागितली असता एका विक्रेत्याने चालवून पाहण्यास दिलेली गाडी माइल्ड निघाली. दरपत्रकात ‘हायब्रिड’ एवढाच मोघम मजकूर, आणि वर बयाणा त्याच दिवशी भरण्याचा तगादा. वास्तविक फरक ओळखणे कठीण नाही. बॅटरीत पुरेशी वीज असली, की स्ट्राँग प्रकारची गाडी ब्रेकवरून पाय उचलताच केवळ विजेवर, निःशब्द सरकू लागते. माइल्ड प्रकारात चाके फिरवण्याचा भार इंजिनावरच असतो, विद्युत यंत्रणा त्याला हातभार तेवढा लावते. दरपत्रकावर प्रकाराचे पूर्ण नाव लिहून, सही-शिक्क्यानिशी हाती आल्याखेरीज बयाणा देऊ नये. विमा कोणत्या कंपनीचा घ्यावा, हा अधिकारही ग्राहकाचाच आहे.

बाजारात येतेवेळी ग्रँड विटाराच्या स्ट्राँग प्रकाराची अधिकृत सरासरी लिटरला २७.९७ किलोमीटर, तर माइल्ड ऑटोमॅटिकची २०.५८ अशी जाहीर झाली होती. म्हणजे दहा हजार किलोमीटरांमागे सुमारे १२८ लिटर पेट्रोलची बचत. किमतींतील अंतराला या बचतीच्या रुपयांनी भागून पाहावे. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत येत असल्याने रविवार कारंजा, अशोकस्तंभ अशा थांबत-थांबत जाण्याच्या रस्त्यांवर ही बचत ठळक दिसते; रोज महामार्गाने पिंपळगाव बसवंत गाठणाऱ्यास तितकी जाणवणार नाही.

पत्रकात न उमगणारी बाब म्हणजे डिकी. स्ट्राँग प्रकारात बॅटरीमुळे तिचा तळ उंचावतो व जागा आक्रसते. आईची घडीची चाकांची खुर्ची मी शोरूममध्येच सोबत नेली होती. माइल्ड गाडीत ती सहज आडवी बसली, स्ट्राँगमध्ये मात्र मागील आसनाचा एक भाग पाडावा लागला. घाटही अवश्य चढून पाहावा. सप्तशृंगीच्या चढणीवर इंजिनाचा सूर एकसारखा उंच लागतो, तो कानांना मानवतो की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. उतरताना लहानशी बॅटरी लवकर भरते, मग विजेची अटकाव करण्याची शक्ती ओसरते. म्हणून गिअरचा दांडा ‘बी’वर घ्यावा, म्हणजे इंजिन वेग आवरते आणि ब्रेक तापत नाहीत.

प्रकार ठरल्यावर मगच बोधचिन्हाकडे पाहावे, आणि तेथे घराजवळची कार्यशाळा, गाडी हाती येण्याची मुदत व हमीपत्रातील अटी यांवर निकाल करावा. बॅटरीच्या हमीची वर्षे आणि किलोमीटर दोन्ही लेखी घ्यावेत. मी स्ट्राँग प्रकार घेतला, कारण आईच्या उपचारांसाठीचे आमचे सारे येणे-जाणे शहरातलेच आहे. आसन पाडण्याची अडचण आम्ही जाणूनबुजून पत्करली.